सीपीआर देणाऱ्याच्या पाठीवरचा भार

सीपीआर देताना प्रौढ माणसाच्या छातीचे हाड दर दाबाला 5 ते 6 सेंटिमीटर खाली जावे लागते, तेही मिनिटाला 100 ते 120 वेळा. एका दाबाला साधारण 40 ते 50 किलो वजनाएवढा जोर लागतो. दाबणाऱ्याने कमरेतून झुकून, कोपरे ताठ ठेवून शरीराचे वजन हातांवर सोडले तर तो पेलतो. कोपरे वाकली, की सगळे काम दंड, मनगट आणि कंबर यांच्यावर येते. रुग्णालयात हे हमखास घडते. खाट उंच असते, दाबणारा ठेंगणा असतो आणि पायाखाली घ्यायला स्टूल कुणाला आठवत नाही. म्हणून कंबरदुखी ही परिचारिका आणि रुग्णवाहिका कर्मचारी यांची नेहमीची तक्रार असते. मनगट मुरगळणे, गुडघे सोलवटणे हेही होते. छातीत कळ येणे किंवा हृदयविकाराचा झटका यांच्या नोंदी आहेत, पण तुरळक.

दमणूक मात्र प्रत्येकाला गाठते. एक-दोन मिनिटांतच दाब उथळ होऊ लागतात आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. दर 2 मिनिटांनी माणूस बदलण्याचा नियम त्यामुळेच आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून दाब देणाऱ्याला तर अदलाबदल आणखी लवकर लागते.

याच उन्हाळ्यात विदर्भात मदत करणाऱ्याला खरा जीवघेणा धोका असतो तो कुलरचा. पत्र्याची बॉडी, पाण्यातला पंप, ओली फरशी आणि नावापुरते अर्थिंग. शॉक लागलेल्याचे स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही, आणि त्याला ओढायला धावलेला घरचा माणूसही चिकटतो. आधी मेन स्विच बंद करायचा. वीज तुटल्यावर रुग्णाच्या अंगात ‘करंट’ उरत नाही, हेही तितकेच खरे. त्या भीतीने हात लावायला उशीर करण्याचे कारण नाही.

दुसरा धोका शेतीच्या विषाचा. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोटात गेल्या, तर तिथल्या ओलाव्याने आणि आम्लाने फॉस्फिन वायू तयार होतो. तो रुग्णाच्या श्वासातून आणि उलटीतून बाहेर पडतो. अशा वेळी तोंडाने श्वास देऊ नये, खिडक्या उघडाव्यात. फवारणीची काही औषधे कातडीतूनही शिरतात. भिजलेले कपडे हातमोजे घालूनच काढावेत. संसर्गाची भीती त्या मानाने अधिकच बाळगली जाते. तोंडाने श्वास दिल्यामुळे एचआयव्ही झाल्याची नोंद नाही. तरीही भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेने 2017 मध्ये सामान्य लोकांसाठी फक्त दाब देण्याची पद्धत सुचवली. ती शिकवायला सोपी आहे आणि तोंडाने श्वास देण्याचा प्रश्नही तिने मिटतो.

डिफिब्रिलेटरचा झटका मदत करणाऱ्याला लागल्याच्या घटना थोड्या आणि बहुधा किरकोळ आहेत; झटका देताना सगळ्यांनी हात काढले की झाले. धावत्या रुग्णवाहिकेत उभ्याने दाब देणे अधिक धोक्याचे. ब्रेक लागला, की पट्टा न बांधलेला कर्मचारी आपटतो. दट्ट्याने दाब देणाऱ्या यंत्रांमुळे जगणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही, पण गाडी चालू असताना ती लावली तर कर्मचाऱ्याला पट्टा बांधून बसता येते.