नऊ मिलिमीटरचा फरक

मुंबईत मरोळमधल्या कुठल्याही सोसायटीत नवी गाडी घ्यायचा विषय निघाला, की कुणीतरी ठामपणे सांगतंच, ‘आपल्या रस्त्यांवर उंच गाडीच हवी, सेडान खालून लागते.’ मला गाड्यांचा नाद शाळेपासून. हे वाक्य इतकी वर्षं कानावर पडत आलं, की एकदा ते टेप हातात घेऊन तपासायचंच असं मी ठरवलं.

तपासायला जोडी उत्तम मिळाली. फोक्सवॅगनची टायगून ही क्रॉसओव्हर सप्टेंबर २०२१मध्ये बाजारात आली आणि व्हर्टस ही सेडान जून २०२२मध्ये. दोन्ही गाड्या पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात तयार होतात. दोन्हींचा पाया एकच आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही तेच, २,६५१ मिलिमीटर. जीटी प्रकारात इंजिनही तेच : दीड लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन मीटर टॉर्क. रस्ता मोकळा असला आणि पायाचा जोर कमी असला, की चारपैकी दोन सिलिंडर हे इंजिन आपणहून बंद ठेवतं. स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हिया ही याच घरातली दुसरी जोडी. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची तुलना केली की इंजिन, गिअर, स्टिअरिंग सगळ्याचीच सरमिसळ होते. इथे मात्र जो फरक जाणवतो, तो मुख्यत्वे उंच-बुटक्या घडणीचा.

इतिहास थोडक्यात सांगतो. आपल्या उपनगरांत हे दोन्ही वंश फार पूर्वीपासून शेजारी नांदले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या, तर महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्यातून जीपच्या घराण्यातल्या गाड्या. जगात मोटारीच्या पायावर जीपचं रूप चढवण्याची लाट टोयोटाच्या राव-फोरने १९९४मध्ये आणली. आपल्याकडे २०१२ची डस्टर आणि २०१३ची इकोस्पोर्ट यांनी मध्यमवर्गाला उंच गाडीची गोडी लावली. २००४मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली तेव्हा वेगवान सेडान हे तरुणांचं स्वप्न होतं. आता देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त या उंच घराण्यातल्या आहेत.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या जागेकडे येतो.

कंपनीच्या आकड्यांनुसार टायगूनचं ग्राउंड क्लिअरन्स १८८ मिलिमीटर आणि व्हर्टसचं १७९. फरक नऊ मिलिमीटरचा, करंगळीच्या जाडीएवढाही नाही. शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. टायगून रुबाबात उंच दिसते, कारण तिचं छप्पर जमिनीपासून १,६१२ मिलिमीटरवर आहे आणि व्हर्टसचं १,५०७वर. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या साडेदहा सेंटिमीटर उंचीपैकी पोटाखाली एक सेंटिमीटरही आलेला नाही, बाकीची सगळी पोटाच्या वर गेली आहे.

हे नऊ मिलिमीटर कुठून आले, तेही पाहण्यासारखं आहे. वरच्या श्रेणीतल्या टायगूनला १७ इंची चाकं असतात, व्हर्टसला १६ इंची. टायरच्या रबराची उंची दोन्हींत सारखीच, सुमारे ११३ मिलिमीटर. एक इंच मोठ्या चाकामुळे आस साधारण साडेबारा मिलिमीटर वर जातो. म्हणजे नऊ मिलिमीटरचा सगळा हिशेब एकट्या चाकातच भागतो! हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी ते पुन्हा करून पाहिलं.

मग आपल्या गल्ल्यांत गाड्या खालून लागतात त्या कशामुळे? याचं उत्तर स्पीडब्रेकरच्या रुंदीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी अपेक्षा असते. आपल्या गाडीच्या चाकांतलं अंतर २.६५ मीटर. गाडीचं पोट गतिरोधकाच्या माथ्यावर येतं, तेव्हा पुढची-मागची चारही चाकं त्याच्याच उतारावर चढलेली असतात. त्यामुळे माथा चाकांपेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर वर येतो आणि सेडान तिथून सहज निघून जाते.

एका रात्री रहदारी थांबल्यावर मी मरोळच्या आतल्या गल्ल्यांत टेप घेऊन फिरलो. तिथले बरेच उंचवटे हातभर रुंदीचे, डांबर ओतून थापलेले. असा अरुंद उंचवटा पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि आपली सगळी उंची पोटावर उगारतो. त्यात १७९ आणि १८८ हे आकडे रिकाम्या गाडीचे. घरची पाच माणसं बसली, डिकीत सामान भरलं, की कुठलीही गाडी आणखी खाली बसते. एखादा उंचवटा पंधरा सेंटिमीटरचा असेल, तर भरलेल्या व्हर्टसला त्याची धास्ती आहे आणि भरलेल्या टायगूनलाही आहे. अशा वेळी उपाय एकच : गाडी थोडी तिरकी घालायची, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली उतरतं, आणि वेग अगदी कमी ठेवायचा. माझ्या ओळखीचा गॅरेजवाला पंचवीस वर्षं शॉकअप बदलतो आहे. त्याचंही म्हणणं हेच, की गाडीची उंची कमी नडते, ब्रेक उशिरा लावण्याची सवय जास्त नडते.

आरे कॉलनीच्या रस्त्याने गोरेगावकडे दोन्ही गाड्या चालवल्या, तेव्हा फरक कमरेला कळला. वळणावर टायगूनचं छप्पर बाहेरच्या बाजूला झुकतं आणि डोकंही त्या बाजूला जातं. वजनाचा केंद्रबिंदू जितका वर, तितका वळणावर आणि ब्रेकमध्ये भार एका बाजूच्या चाकांवर सरकतो. व्हर्टस तेच वळण शरीर न हलवता घेते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर लेन बदलताना तिचं स्टिअरिंग हाताला विश्वास देतं. मला यात अपार आनंद मिळतो आणि हा आनंद फक्त महामार्गाचा नाही. साकीनाक्याच्या कोंडीतून सुटल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या अर्ध्या किलोमीटरमध्येही तो असतो.

क्रॉसओव्हरची खरी बाजू तिच्या सीटच्या उंचीत आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. व्हर्टसमध्ये तिला वाकून खाली बसावं लागतं आणि उतरताना माझा हात लागतो. टायगूनमध्ये ती साडी सावरून नुसती बाजूने सरकते. चर्च रोडला डबल पार्किंगमध्ये दार अर्धवटच उघडतं, तिथे तर हा फरक फार मोठा. पुढचं दिसतंही जरा जास्त, रिक्षांच्या टपांवरून पलीकडचा सिग्नल नजरेत येतो. ज्या घरात सत्तरीची माणसं रोज गाडीत बसतात, त्या घराने बाकी सगळे आकडे बाजूला ठेवावेत.

डिकीबद्दल मात्र मला सेडानची बाजू घ्यावीच लागेल आणि त्याला कारण आमचा मरोळचा सुक्या मासळीचा बाजार. पावसाळ्याच्या तोंडावर इथे बोंबील, जवळा, सुकट घ्यायला लांबून लोक येतात. कोळणींशी भाव करून दोन-तीन पिशव्या भरल्या, की प्रश्न त्या घरी नेण्याचा. व्हर्टसची डिकी ५२१ लिटरची आणि बसायच्या जागेपासून वेगळी. टायगूनची ३८५ लिटरची आणि वरच्या पातळ झाकणापलीकडे थेट मागच्या सीटशी जोडलेली. सुकट एकदा टायगूनमधून आणून पाहा, पुढचा आठवडाभर गाडीतली माणसं त्याची साक्ष देतील.

मात्र व्हर्टस लांबीने ४,५६१ मिलिमीटर आणि टायगून ४,२२१. ही एक फुटाहून जास्त लांबी आपल्याकडच्या पार्किंगमध्ये रोज भोवते. उलट जिथे यांत्रिक पार्किंग आहे, तिथे काही कप्पे कमी उंचीचे, फक्त सेडानसाठी असतात. शोरूमला जाण्याआधी आपल्या जागेची लांबी आणि उंची मोजून घ्या.

पाण्याबद्दल गांभीर्याने लिहायला हवं. मिठी नदी आमच्या शेजारून वाहते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. उंच गाडी म्हणजे पाण्यात घालायची गाडी, हा समज जीवघेणा आहे. इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून पाणी आत गेलं, की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी, कुठलीही असो, पुन्हा स्टार्ट करू नका. ती ढकलून बाहेर काढा आणि विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असू द्या.

सुरक्षेत दोघी बरोबरीच्या. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टायगूनला २०२२मध्ये आणि व्हर्टसला २०२३मध्ये पाच तारे मिळाले. करातही फरक नाही. दोन्ही चार मीटरहून लांब, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५पासून दोन्हींवर ४० टक्के जीएसटी.

माझा कौल असा : घरात गुडघेदुखीची माणसं असतील किंवा पार्किंगची जागा आखूड असेल, तर क्रॉसओव्हर घ्या आणि निश्चिंत राहा. ही दोन्ही कारणं नसतील, तर मरोळच्या रोजच्या रस्त्यांसाठीही सेडानच घ्या. आणि निवड कुठलीही असो, टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर संपवू नका. घरची सगळी माणसं गाडीत बसवा आणि आपल्या गल्लीतला सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर तिला ओलांडायला लावा.