चित्ताचा आजार, औषध आणि धम्म

प्रवचन संपते, लोक पांगू लागतात, आणि एखादी उपासिका मागे रेंगाळते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून ती हलक्या आवाजात विचारते, "भन्ते, मी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेते. रोज घेते. यात धम्माविरुद्ध काही घडते आहे काय?" कधी हाच प्रश्न एखादा तरुण विचारतो, कधी निवृत्त शिक्षक. प्रश्नामागची भीती मात्र सारखीच असते. नैराश्य आणि चिंता यांनी आधीच पिचलेल्या माणसावर लज्जेचे हे आणखी एक ओझे पडते. या ओझ्यापायी काही जण औषध लपवून घेतात, काही मध्येच सोडतात, तर काही डॉक्टरांकडे जातच नाहीत. म्हणून या प्रश्नाचा विचार पालि वाङ्मयाच्या आणि आजच्या वैद्यकाच्या आधारे नीट करणे आवश्यक आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. धम्मातील 'दुःख' ही व्यापक संज्ञा आहे. जन्म, जरा, व्याधी, मरण, प्रियवियोग हे सारे तिच्या कक्षेत येते. वैद्यकातील 'नैराश्य' हा त्या व्यापक दुःखातील एक विशिष्ट व्याधी होय. किमान दोन आठवडे बहुतेक सर्व वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, स्वतःला निरुपयोगी वा अपराधी मानणे, मरणाचे विचार येणे, ही त्याची लक्षणे. चिंतेच्या आजारात काळजी आवरता आवरत नाही. छाती धडधडते, हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, रात्री डोळा लागत नाही. पुष्कळदा हे दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र नांदतात.

हा आजार विरळा नव्हे. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने ग्रासलेले असते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. उपचार न मिळण्यामागे डॉक्टरांची वाण आणि पैशाची चणचण आहे, तशीच लोकलज्जाही आहे.

आता त्या उपासिकेच्या भीतीकडे वळू. तिचे तीन धागे उलगडता येतात.

पंचशीलाचा भंग होतो काय?

पाचवे शील सुरा, मेरय, मद्य यांपासून विरत राहण्याचे आहे. त्याचे कारण शीलाच्या शब्दांतच सांगितले आहे. हे पदार्थ प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला स्थान देतात. नैराश्यावरील गोळीने नशा चढत नाही. ती घेऊन माणूस बेभान होत नाही. उलट ज्याचे भान आजाराने हिरावले होते, त्याला ते परत मिळावे हाच तिचा हेतू असतो. विनयपिटकातील महावग्गाचा भेसज्जक्खन्धक हा संपूर्ण विभागच औषधांविषयी आहे. आयुष्मान पिलिन्दवच्छ यांना वाताचा विकार झाला, तेव्हा वैद्यांनी औषधी तेल सुचविले. त्यात मद्य घालून ते शिजवावे लागे. मद्याचा रंग, वास आणि चव जाणवणार नाही इतक्या मर्यादित प्रमाणात ते घालण्यास भगवंतांनी अनुमती दिली. प्रमाणाबाहेर मद्य असलेले तेल पिण्यास मात्र मनाई केली. म्हणजे प्रश्न पदार्थाच्या नावाचा नव्हे, हेतूचा आणि मात्रेचा आहे. जो संघ भिक्खूंसाठी औषधाचा एवढा बारकाईने विचार करीत होता, त्या परंपरेत उपासकाने डॉक्टरांची गोळी घेणे पाप कसे ठरेल?

पूर्वकर्माचे फळ आहे काय?

दुसरी भीती अशी की, हा आजार मागील जन्मीच्या पापाचे फळ असून ते भोगूनच संपवावे लागते. ही कल्पना आपल्या परिसरातून आपल्या घरात शिरली आहे. ती धम्माची नव्हे. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना नेमके हेच विचारतो. माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सारे पूर्वकृत कर्मामुळेच होय काय? भगवंत त्यावर आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतूतील बदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळेच असे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असा निर्वाळाही ते देतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची शरीरविषयक परिभाषा आज बदलली आहे; परंतु व्याधीला व्याधीची कारणे असतात, हा दृष्टिकोन आजही तितकाच खरा आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची कठोर चिकित्सा केली, ती याच कारणास्तव. जो सिद्धान्त पीडिताला त्याच्या पीडेचा अपराधी ठरवितो, तो अन्यायाला संरक्षण देतो. आपल्या समाजाला या सिद्धान्ताने काय दिले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्याने जातीच्या बाबतीत तो नाकारला, त्याने आजाराच्या बाबतीत तो मागच्या दाराने आत घेऊ नये. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने त्रस्त होते, डॉक्टरांचे उपचार आणि इन्सुलिन घेत होते. त्यात कोणालाही धम्मविरोध दिसला नाही.

भगत, अंगारा, उतारा यांबाबतही हेच. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मनाच्या आजाराला 'बाहेरची बाधा' म्हणणे शोभत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

साधना कमी पडली काय?

तिसरी भीती सर्वांत सूक्ष्म आहे. "मी ध्यान नीट केले असते, तर गोळी लागली नसती." अंगुत्तरनिकायात भगवंत कायिक आणि चैतसिक असे दोन रोग सांगतात. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहणारे लोक आढळतात. पण क्षीणास्रव अर्हताखेरीज क्षणभर तरी मनाने पूर्ण निरोगी राहणारा दुर्मीळ, असा त्याचा आशय आहे. तेथे चैतसिक रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह यांनी ग्रासलेले चित्त असा व्यापक अर्थ आहे. या अर्थाने आपण सारेच रुग्ण आहोत. गोळी घेणाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मग कोणाला उरतो?

ध्यान सर्वांना सर्व वेळी सारखेच मानवते, असेही पालि वाङ्मय म्हणत नाही. वैशालीत अशुभभावनेचा अभ्यास करणाऱ्या काही भिक्खूंच्या मनात शरीराविषयी इतकी घृणा उत्पन्न झाली की, त्यांनी जीवनच संपविले. ही हकीकत विनयात आणि संयुत्तनिकायात नोंदलेली आहे. ती कळताच भगवंतांनी संघाला एकत्र बोलावून आनापानसतीचा उपदेश केला. शिष्यांची साधना कमी पडली असा ठपका त्यांनी ठेवला नाही. साधनेचा विषयच बदलला. तीव्र नैराश्यात दीर्घ मौनशिबिराला बसणे हितकारक ठरेलच असे नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजार व चालू औषधे यांची माहिती विचारलेली असते, ती याचसाठी. ती खरी लिहावी आणि शिबिरासाठी औषध परस्पर बंद करू नये.

ध्यान आणि औषध हे एकमेकांचे वैरीही नव्हेत. सजगतेवर आधारलेली आठ आठवड्यांची एक उपचारपद्धती वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी १९९० च्या दशकात तयार झाली. २०१५ मध्ये ब्रिटनमधील ४२४ रुग्णांच्या एका अभ्यासात दोन गटांची तुलना झाली. एका गटाने ही पद्धती शिकून डॉक्टरांच्या मदतीने औषध कमी करत नेले. दुसऱ्याने औषध चालू ठेवले. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४४ टक्के, तर दुसऱ्यात ४७ टक्के होते. म्हणजे दोहोंत मोठा फरक नव्हता. यावरून कोणाला एक मार्ग मानवेल, कोणाला दुसरा, अनेकांना दोन्ही, एवढाच निष्कर्ष काढणे योग्य.

औषध काय करते, काय करीत नाही

नैराश्यावरील औषधांचा शोध काहीसा अनपेक्षितपणे लागला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांचे मन प्रफुल्लित होते, असे दिसून आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण आढळला. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली. आज सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम अशी त्याच वर्गातील औषधे सर्वत्र वापरात आहेत. मेंदूतील पेशींमध्ये सिरोटोनिन या द्रव्याची उपलब्धता ती वाढवितात. मात्र 'सिरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले' हे सोपे स्पष्टीकरण पुराव्याने सिद्ध झालेले नाही. अनुवंश, बालपणीचे आघात, दारिद्र्य, अपमान, शारीरिक व्याधी अशा अनेक प्रत्ययांतून हा आजार उद्भवतो. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्याला यात नवल वाटू नये.

२०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील २१ औषधांपैकी प्रत्येक औषध प्रौढांच्या तीव्र नैराश्यात बनावट गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरले. तथापि हा सरासरी फरक माफकच होता. औषध चमत्कार करीत नाही आणि निरुपयोगीही नाही. ते बुडणाऱ्याचे डोके पाण्यावर आणते. किनारा गाठण्यासाठी हातपाय मग हलविता येतात.

घेणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. त्रास मात्र पहिल्याच दिवसांत जाणवतो. मळमळ, डोकेदुखी, झोपेतील बदल हे बहुधा ओसरतात. कामेच्छा मंदावणे हा त्रास पुष्कळांना होतो. संकोच न करता तो डॉक्टरांना सांगावा. पंचविशीच्या आतील रुग्णांत उपचाराच्या आरंभी आत्महत्येचे विचार वाढण्याचा संभव असल्याने घरच्यांनी त्या काळात विशेष लक्ष ठेवावे. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना अवास्तव धावपळीचा काळ येऊन गेला असल्यास तेही सांगावे. कारण तेथे उपचार वेगळा असतो. बरे वाटू लागल्यावरही औषध सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात. या औषधांची नशेसारखी चटक लागत नाही; परंतु एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असा त्रास होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावीत. झोपेच्या व चिंताशामक काही गोळ्यांची मात्र सवय लागते; त्या दीर्घकाळ स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दारू या आजाराला खतपाणी घालते. येथे पाचवे शील आणि डॉक्टरांचा सल्ला एकच आहे.

रुग्ण, परिचारक आणि संघ

अंगुत्तरनिकायात शुश्रूषेस सुलभ अशा रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. तो हितकर तेच करतो, त्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपला त्रास वाढला की उतरला हे परिचारकाला खरेखुरे सांगतो आणि वेदना सहन करतो. औषध घेणे हा येथे दोष नसून गुण म्हणून गणला आहे.

सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण वेदनेचा. त्यावर शोक करीत माणूस दुसरा ओढवून घेतो. हा दृष्टान्त सांगून रुग्णाला "तू स्वतःच दुसरा बाण मारून घेतोस" असे सुनावणे क्रौर्य आहे. नैराश्य हाच पहिला बाण होय. दुसरा बाण लज्जेचा आणि तो बहुधा आपण, आप्तेष्ट आणि शेजारी, मारीत असतो. "मन घट्ट कर," "तुला काय कमी आहे?" ही वाक्ये त्याच भात्यातली.

संघाने काय केले ते पाहावे. गग्ग नावाचा भिक्खू उन्मत्त झाला होता; उपोसथ त्याच्या कधी लक्षात राही, कधी राहत नसे. संघाने त्याला हाकलले नाही. तो येवो वा न येवो, त्याला दोष लागू नये अशी रीतसर संमती दिली. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदांसह स्वतः धुतले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी असे सांगितले. आपल्या विहारांना याहून वेगळी आचारसंहिता कशाला हवी?

उपचार कोठे मिळतील, हेही सांगितले पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू झाला असून जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. मरणाचे विचार येत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता तेथे बोलावे व जवळच्या माणसाला सोबत बसवावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गृहीत धरले आहे. तिला शिक्षा नव्हे, तर शुश्रूषा मिळावी हा त्याचा उद्देश आहे.

तेव्हा मागे रेंगाळलेल्या त्या उपासिकेला उत्तर द्यायचे ते असे. ताई, गोळी वेळेवर घे. डॉक्टरांना सारे खरे सांग. जमेल तेव्हा पाच मिनिटे श्वासाकडे पाहा. जमले नाही, तर नुसती येऊन बस. आणि पुढच्या वेळी हा प्रश्न विचारताना आवाज हलका करू नकोस. त्या सभागृहात तोच प्रश्न घेऊन गप्प बसलेले आणखी कोणीतरी असेल.