पावलाचे माप आणि बर्फावरील हॉकीचा बूट

बर्फावरील हॉकी हा खेळ छत्तीसगडच्या उष्ण मैदानात राहणाऱ्या वाचकास परका वाटणे साहजिक आहे. रायपूरच्या बूढापारा भागात मोठे तळे आहे, क्रीडागृह आहे. पण त्या तळ्याचे पाणी कधी गोठत नाही. तथापि मैदानी शहरांत चाकांच्या स्केटवर तयार झालेली मुलेही आता बर्फाकडे वळू लागली आहेत. अशा मुलापुढे पहिली अडचण उभी राहते ती बहुधा बुटाची. ज्याचा चवडा रुंद आणि टाच अरुंद आहे, ज्याची कमान उंच किंवा पोटरी जाड आहे, त्याला तयार बूट बोचतो. चार दिवस वेदना सोसल्यावर तो असा समज करून घेतो की, आपले पायच ह्या खेळाचे नाहीत. हा समज बहुधा चुकीचा असतो. दोष पायाचा नसतो, माप घेण्याच्या रीतीचा असतो.

एक अंक, अनेक मापे

मनुष्याच्या पावलात २६ हाडे असतात. त्यांच्या रचनेमुळे पावलास लांबी, चवड्याची रुंदी, टाचेची रुंदी आणि कमानीवरील उंची अशी निरनिराळी परिमाणे प्राप्त होतात. बुटावरचा अंक मात्र मुख्यतः लांबी सांगतो. इंग्रजी पद्धतीत एका अंकाचे अंतर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.५ मिलिमीटर. रुंद पावलाचा मनुष्य जागा मिळावी म्हणून एक अंक मोठा बूट घेतो, तेव्हा त्याच्या पदरी रुंदी थोडीशीच पडते आणि बोटांपुढे मात्र ८.५ मिलिमीटरांची पोकळी राहते.

ही अडचण आपल्या देशात विशेष जाणवते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींची पावले मोजविली. भारतीयांचे पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलांहून सामान्यतः रुंद असते, आणि परदेशी मापांचे अरुंद बूट वापरावे लागल्यामुळे पुष्कळ लोक गरजेपेक्षा लांब बूट घालतात, असे तीत आढळले. बर्फावरील हॉकीचे बहुतेक बूट परदेशी साच्यांवरच घडतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

सैल बूट का चालत नाही

रस्त्यावर किंचित सैल बूट खपतो. बर्फावर खपत नाही. स्केटचे पाते सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे असते, आणि वळताना खेळाडूचा सारा भार त्या पात्याच्या एका कडेवर येतो. घोटा कलला की पाते त्याच क्षणी कलले पाहिजे. बुटात टाच उचलली जात असेल, तर पाऊल आधी बुटाच्या आत फिरते आणि मग बूट फिरतो. हा विलंब भरून काढण्यासाठी मूल नाड्या करकचून आवळते. त्याने घोट्यापुढील स्नायुरज्जूंवर दाब पडतो, पाऊल बधिर होते आणि वेदना सुरू होतात. बूट घट्ट आहे असे त्याला वाटते. वास्तविक तो सैल असतो.

माप कसे घ्यावे

समजा, बूढापाऱ्यातील एका मुलीस हिवाळी शिबिरास जावयाचे आहे आणि बूट दूरच्या शहरातून मागवावयाचे आहेत. तिने संध्याकाळी माप घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. कागदावर उभे राहावे, दोन्ही पायांवर सारखा भार टाकावा आणि पावलाची रूपरेषा दुसऱ्या व्यक्तीकडून काढून घ्यावी. लांबी, चवड्याची सर्वांत अधिक रुंदी आणि टाचेची रुंदी ही तिन्ही मापे मिलिमीटरांत लिहावीत. दोन्ही पावले मोजावीत. ती क्वचितच अगदी सारखी असतात. स्केटचा अंक नेहमीच्या बुटापेक्षा साधारणतः एक ते दीड अंकाने लहान असतो, म्हणून रोजच्या बुटाचा अंक तसाच कळवू नये. उत्पादक एकाच लांबीत अरुंद, मध्यम व रुंद असे प्रकार काढतात. त्यांतील कोणता हवा, हे ह्या तीन मापांवरून ठरते.

बूट हाती आल्यावर तीन परीक्षा कराव्यात. पहिली: टाच मागे ठोकून बसवावी व नाड्या बांधून सरळ उभे राहावे, बोटे बुटाच्या टोकास जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकविताच मागे सरावीत. दुसरी: गुडघे वाकवून पुढे झुकले असता टाच उचलली जाऊ नये. तिसरी: नाड्या सोडून, वरच्या छिद्रांच्या दोन ओळींवर पेन्सिल आडवी ठेवावी. पेन्सिल पावलास टेकून अधांतरी राहिली, तर त्या पायाच्या उंचीस बूट उथळ आहे. असा बूट नाड्या सैल सोडून सुधारत नाही. अधिक खोलीचा नमुनाच घ्यावा लागतो.

बुटाला पायाजोगा करणे

आजचे बहुतेक चांगले बूट उष्णतेने मऊ होतात. जाणता विक्रेता विशिष्ट भट्टीत ते तापवितो आणि खेळाडूच्या पायावरच थंड होऊ देतो. अंगठ्याजवळील किंवा घोट्यावरील एखादेच हाड बोचत असेल, तर तेवढीच जागा दाब देऊन बाहेर फुगविता येते. आतील तळपट्टी बदलून कमानीस आधार देता येतो. अरुंद टाच व रुंद चवडा अशी जोडी असल्यास टाचेच्या मापाने बूट घ्यावा आणि चवडा रुंद करून घ्यावा. उलट केल्यास टाचेची पोकळी भरणे कठीण जाते. घरच्या चुलीवर हे प्रयोग करू नयेत.

नडगी आणि पोटरी

नडगीचे कवच बूट चढवूनच मोजावे: गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून बुटाच्या वरच्या कडेपर्यंत. कवचाचा पेला वाटीवर बरोबर बसला पाहिजे. जाड पोटरीच्या खेळाडूने कवचाची लांबी वाढवू नये. रुंद घडणीचे कवच आणि लांब पट्टे घ्यावेत. लांब कवच बुटाच्या जिभेवर आदळते आणि घोटा वाकू देत नाही.

जन्मतः पाऊल आत वळलेले असून उपचारांनी सरळ झालेल्या मुलांत ते पाऊल दुसऱ्याहून लहान आणि ती पोटरी बारीक राहते. अशा मुलास दोन मापांचा जोड लागतो. मागणीवरून बूट घडविणारे उत्पादक तो करून देतात. सपाट पावलांची भीती मात्र अनाठायी असते. कर्नाटकातील राव व जोसेफ ह्या वैद्यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: बूट वापरणाऱ्यांत सपाट पावले ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के होती. लहानपणी लवचिक व वेदनारहित सपाट पाऊल हा रोग नव्हे. पण जखम, बधिरपणा किंवा टिकून राहणारी वेदना असेल, तर अस्थितज्ज्ञास दाखविलेच पाहिजे.

लडाखमध्ये ह्या खेळाच्या आरंभी लष्करी बुटांना पाती जोडून लोक खेळत, आणि पुढेही तेथील पुष्कळ साहित्य परदेशांतून देणगी म्हणून येत राहिले. त्या प्रदेशातील मुलींच्या बळावर उभ्या राहिलेल्या भारतीय महिला संघाने २०१६ साली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळविले. जिद्दीने वाईट बुटावरही मात करता येते, हे त्यावरून दिसते. परंतु प्रत्येक मुलाकडून तशी जिद्द मागणे न्याय्य नव्हे. एक कागद, एक पेन्सिल आणि एक मोजपट्टी एवढ्या साधनांनी ज्या वेदना टळू शकतात, त्या टाळणे हे पालकांचे व शिक्षकांचे काम आहे.