आधी सूची, मग वायफाय

शिरपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘सगळं जग मोबाइलमध्ये आलंय, मग गावच्या वाचनालयात इंटरनेट हवं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं आज वाचनालयात जातात ती टेबल, पंखा आणि शांतता मिळते म्हणून. नेट त्यांच्या खिशातच असतं. पण वाचनालय आणि इंटरनेट यांचं नातं मोबाइलपेक्षा बरंच जुनं आहे, आणि तिथूनच या प्रश्नाचं उत्तर निघतं.

इंटरनेटची गोष्ट सांगताना अमेरिकी लष्कर आणि अणुयुद्धाची भीती हे दोन मुद्दे ठरलेले. या धामधुमीत जे. सी. आर. लिकलायडर हा माणूस बहुतेक वेळा मागे पडतो. मूळचा मानसशास्त्रज्ञ, कानाला आवाज कसा कळतो यावर संशोधन करणारा. १९६१ मध्ये ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने त्याच्यावर काम सोपवलं : इ. स. २००० मधलं ग्रंथालय कसं असेल, ते सांगा. त्यातून १९६५ मध्ये ‘लायब्ररीज ऑफ द फ्यूचर’ हे पुस्तक आलं. छापील पान वाचायला झकास, पण पानांचं पुस्तक आणि पुस्तकांचं ग्रंथालय झालं की नेमकं हवं ते सापडणं अवघड होत जातं, ही त्याची तक्रार. हा अभ्यास चालू असतानाच तो ‘आर्पा’ या सरकारी संशोधन संस्थेत गेला आणि संगणक एकमेकांना जोडण्याची कल्पना त्याने १९६३ मध्ये सहकाऱ्यांना लिहून कळवली. ग्रंथालयाचा अभ्यास त्याने ज्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन कंपनीत केला, तिनेच पुढे आर्पाच्या ‘आर्पानेट’ या संगणक-जाळ्याला जोडणी देणारी यंत्रं बनवली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी या जाळ्यावरून ‘लॉगिन’ शब्दाची पहिली दोन अक्षरं पलीकडे पोचली आणि तिकडचा संगणक बंद पडला. शुभारंभ असा झाला!

हे जाळं चालतं कसं, ते समजून घ्यायला धुळ्यातलं समर्थ वाग्देवता मंदिर गाठावं. शंकर श्रीकृष्ण देवांनी खस्ता खाऊन जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. जुन्या पोथीची पानं शिवलेली नसतात, सुटी असतात. म्हणून लेखक समासात पानाचा क्रमांक घालायचा, पुष्कळदा ग्रंथाचं नावही थोडक्यात लिहायचा. फडकं सुटून पानं विखुरली, दोन पोथ्या एकमेकींत मिसळल्या, तरी समास पाहून जाणकार त्या पुन्हा लावतो. पॉल बॅरन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलेली ‘पॅकेट’ची कल्पना हीच आहे. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा आणि मिळेल त्या वाटेने सोडून द्यायचे. क्रम लावण्याचं काम पोचल्यावर. पान गहाळ झालं, तर मात्र पोथीवाल्याला दुसऱ्या मठातली नक्कल शोधत हिंडावं लागे. इथे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या टीसीपी नियमांची गंमत आहे. मिळालेल्या तुकड्यांची पोच द्यायची. पोच आली नाही, तर पाठवणारा तो तुकडा आपणहून पुन्हा धाडतो. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेट याच नियमांवर चालू लागलं.

आपल्याकडे सुरुवात झाली १९८६ मध्ये, ‘अर्नेट’ प्रकल्पातून. जुहूच्या एनसीएसटी संस्थेतले श्रीनिवासन रमणी हे त्यातलं मोठं नाव. जुहू आणि पवईची आयआयटी या दोन ठिकाणांमध्ये फोनच्या तारेवरून ईमेल जाऊ लागली, तेव्हा सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला अजून आठ-नऊ वर्षं होती. विदेश संचार निगमने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत सुरू केलं.

परदेशातल्या ग्रंथालयांनी मात्र वेब येण्याची वाट पाहिली नव्हती. हेन्रिएट अ‍ॅव्हरम या प्रोग्रॅमर बाईंनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ‘मार्क’ हा नोंदींचा साचा बसवला. लेखक कुठे, शीर्षक कुठे, विषय कुठे, हे त्यामुळे संगणकाला कळू लागलं. १९७१ मध्ये ओहायोतल्या ग्रंथालयांनी सामाईक सूची तारेवर आणली. एकाने पुस्तकाची नोंद करायची, बाकीच्यांनी ती वापरायची. आणि हे फक्त बड्यांनाच परवडतं असंही नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या जिल्ह्यातल्या वाचनालयाने ‘कोहा’ ही प्रणाली करून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरात आणली आणि जगाला फुकट देऊन टाकली. आज आपल्याकडेही कितीतरी ग्रंथालयं ती वापरतात.

आता खान्देशाकडे बघा. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचं. धुळ्यात इतिहासाचार्यांच्या कागदपत्रांसाठी उभं राहिलेलं राजवाडे संशोधन मंडळ, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर. शिवाय १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी तालुक्या-तालुक्यांतली वाचनालयं. माल भरपूर आहे. शिरपूरच्या वाचकाला हवं असलेलं पुस्तक यांपैकी कुठल्या कपाटात आहे, हे त्याला घरबसल्या कळायला हवं.

ते गुगलवर सोडून भागत नाही. ‘बहिणाबाई’ शोधा : सतराव्या शतकातल्या तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि १९५१ मध्ये गेलेल्या आपल्या बहिणाबाई चौधरी एकाच यादीत येऊन बसतात. नाव एक, माणसं दोन. धरणगावात जन्मलेल्या बालकवींचं उलटं. पुस्तकावर कधी बालकवी, कधी त्र्यंबक बापूजी ठोमरे. नावं दोन, माणूस एक. हा गुंता चांगला सूचीकारच सोडवतो.

दुसरा गुंता अक्षरांचा. कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला ‘क’ संगणकाच्या लेखी रोमन ‘डी’ असतो. अशा यादीत ‘युनिकोड’ या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतातला ‘कविता’ शब्द टाकला, तर हाती काहीच लागत नाही. युनिकोडमध्येसुद्धा ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. म्हणून ‘ई-ग्रंथालय’ अशी पाटी लागली, फीत कापली गेली आणि चार संगणक आले, की आधी त्यांच्या सूचीत एखादं मराठी पुस्तक शोधून पाहावं. पाटी खरी की खोटी, ते तिथेच कळतं.

शंकर गणेश दाते यांनी तर संगणकाचं नावही नसताना १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची दुसरी केली. अभ्यासक आजही ‘दाते सूची’ उघडतात. इंटरनेटच्या इतिहासात त्यांचं नाव कोणी घेत नाही. मराठीपुरतं ते लिकलायडरच्या शेजारी घ्यायला हवं.

तेव्हा शिरपूरकर, वाचनालयाला इंटरनेट हवं ते तुमच्यासाठी नाही, त्याच्या कपाटांसाठी हवं. वायफाय नसलं तरी चालेल. वाचनालयाच्या पुढच्या वार्षिक सभेला जा आणि एकच ठराव मांडा : आपली सूची युनिकोडमध्ये करावी आणि जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांशी मिळून सामाईक सूची उभारावी. प्रणाली फुकट मिळते. खर्च आहे तो नोंदी करणाऱ्या माणसाच्या पगाराचा, आणि तेवढा करायलाच हवा.