युद्ध कोणासाठी? राघोबादादा, साष्टी आणि वडगावची लढाई

‘युद्धाची कारणे लिहा’ असा प्रश्न आला की आपण पुस्तकातली कारणं पाठ करून उतरवतो. पण युद्ध करणारा जे कारण सांगतो तेच त्याला हवं असतं, असं नाही. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध (१७७५ ते १७८२) या नजरेने बघू. ते आपल्या पुण्याच्या उंबरठ्यापर्यंत आलं होतं.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवे झाले. पण नाना फडणवीस, सखारामबापू बोकील वगैरे कारभारी त्यांच्याविरुद्ध एकत्र आले. हेच ते बारभाई. नारायणरावांच्या मागे एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर मुलगा जन्मला, त्याला त्यांनी पेशवा केलं. दादा इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी फौज द्यायची, दादांनी साष्टी आणि वसई द्यायची. सांगायचं कारण असं की, खऱ्या पेशव्याला गादीवर बसवायचं आहे.

आता तारखा नीट बघा. साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट, आजच्या वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा भाग. तिथला ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. म्हणजे तहाच्या आधीच! तेव्हा कारण दिलं होतं की, पोर्तुगीज हा मुलूख परत घेतील. तीन महिन्यांत कारण बदललं, जागा तीच राहिली. मुंबई बेट तेव्हा चिमुकलं. बंदर सुरक्षित ठेवायचं तर शेजारची साष्टी आपल्याकडे हवी, असं मुंबईच्या कौन्सिलला फार आधीपासून वाटत होतं. पेशव्यांच्या घरातलं भांडण त्यांच्या पथ्यावर पडलं.

बरं, इंग्रजांचंही आपापसात एकमत नव्हतं. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबईवर कलकत्त्याचा अंकुश आला होता, तरी मुंबईने न विचारता युद्ध सुरू केलं. कलकत्त्याने सुरतेचा तह नाकारला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. त्यात दादांना सोडलं. साष्टी मात्र सोडली नाही!

मग पुन्हा युद्ध का? १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला आणि नानांनी त्याचा चांगला मान ठेवला. (राजकारण नानाही करत होते, इंग्रजांना थोडा धाक हवाच होता.) पुढच्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्समध्ये युद्ध पेटलं. फ्रेंच पुण्यात पाय रोवतील या भीतीने कलकत्ताही आता राजी झालं, आणि दादांचं नाव परत पुढे आलं.

नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३,९०० सैनिक आणि ओझ्याला १९,००० बैल घेऊन फौज निघाली. एवढा पसारा घेऊन बोरघाट चढायचा म्हणजे काय, लोणावळ्याला जाताना विचार करा. जानेवारीत ती तळेगावला पोचली, तर मराठ्यांनी दाणावैरण आधीच जाळलेली. माघार घेताना वडगावजवळ महादजी शिंद्यांच्या फौजांनी तिला घेरलं. वडगावच्या तहात इंग्रजांनी साष्टी परत द्यायचं कबूल केलं आणि दादांनाही सोडून दिलं. पण फौज सुटल्यावर, तह करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता असं म्हणून मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो नाकारला.

शेवटी मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. नाना-महादजींनी ज्याच्यासाठी लढाई केली तो आठ वर्षांचा सवाई माधवराव पेशवा म्हणून मान्य झाला. आणि ज्यांच्या हक्कासाठी फौजा निघाल्या होत्या, त्या दादांना महिना २५,००० रुपयांचा तनखा ठरला. ते कोपरगावकडे जाऊन राहिले आणि १७८३ मध्ये वारले.