गॅस गिझर घेताना आधी जागा ठरवा

थंडी पडली की फजरच्या वुजूला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आंघोळीला गरम पाणी लागतेच. विजेचे बिल पाहून मग गॅस गिझरची चौकशी सुरू होते. दुकानात बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: किंमत किती आणि गॅस किती खातो?

गॅसचा हिशेब घरीच करता येतो. 20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला चांगल्या गिझरला साधारण 55 ते 60 ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या. तेवढ्याच पाण्याला वीज पाऊण युनिटाच्या आत लागते. आपल्याकडचे दर घालून पाहा, काय परवडते ते कळेल. गॅस गिझरला पाणी साठवायची टाकी नसते, त्यामुळे तापलेले पाणी उगाच थंड होत नाही, हाही फायदाच.

पण हा गिझर बाथरूममध्ये लावायचा असेल, तर घेऊच नका. सहा लिटरचा गिझर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो आणि त्याला जवळजवळ दोन हजार लिटर हवा लागते. 4 बाय 6 फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच हजार लिटर. दार-खिडकी बंद असली की हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसगळती निदान वासाने कळते. या वायूला ना वास, ना रंग. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते आणि माणूस आतल्या आत कोसळतो. बाहेरच्यांना वाटते, आंघोळ चालू आहे!

म्हणून गिझर बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. पाइप जितका लांब, तितके पाणी आणि गॅस वाया, तेव्हा बाथरूमच्या भिंतीपलीकडचीच जागा उत्तम. अशी जागा नसेल तर विजेचा गिझर घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

खरेदी करताना आयएसआय खूण पाहा. सिलिंडरचा आणि पाइप गॅसचा गिझर वेगळा असतो, दोन्हींच्या नोझलचे छिद्र सारखे नसते. दुकानदाराला हे आधीच सांगा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर बंद करून मेकॅनिक बोलवा. बोअरचे पाणी जड असेल तर आत क्षार साचतात आणि गॅस जास्त जळतो, म्हणून वर्षातून एकदा सफाई करून घ्या.

आणि नुसत्या वुजूसाठी गिझर कशाला? पाइपातले थंड पाणी निघून जाईपर्यंतच लोटाभर पाणी वाया जाते. तेवढ्याला चुलीवरचे पातेले पुरते.

आंघोळीला गेलेले कोणी हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नका. दार उघडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.