मागच्या चाकांजवळचा ‘फुस्स्’

सिग्नलला थांबलेला लांबलचक ट्रेलर पुन्हा निघतो तेव्हा ‘फुस्स्’ असा आवाज येतो. नीट ऐकल्यास लक्षात येते, की तो बराचसा मागच्या चाकांजवळून येतो. ड्रायव्हरने पाय उचलला तो पुढे, केबिनमध्ये. मग हवा मागे का सुटते? या प्रश्नाच्या उत्तरात एक सुंदर युक्ती दडलेली आहे.

जड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये साधारण ८ बार दाबाची हवा भरून ठेवतो. पेडल दाबले की ही हवा चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते, तेथील रबरी पडद्याला ढकलते आणि पडद्यापुढचा दांडा ब्रेक लावतो. पडद्याचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. आणि हवेचा दाब वातावरणापेक्षा ६ बारने जास्त धरला, तर दांड्यावर १२,००० न्यूटन बल येते. म्हणजे जवळजवळ सव्वा टन वजनाइतके!

आता अडचण पाहू. ब्रेक लागताना चेंबरमधली जागा सुमारे १ लिटर होते असे समजू. ती ६ बार जादा दाबाने भरायला बाहेरच्या साध्या हवेच्या मापाने ७ लिटर हवा लागते. चार चेंबरना २८ लिटर. ही सारी हवा पेडलखालच्या झडपेतून, १० मीटर लांब अरुंद नळीतून मागे जायची. दाबातला बदल हवेतून ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पुढे सरकतो. म्हणजे ‘ब्रेक लावा’ ही खबर ०.०३ सेकंदात पोचते. उशीर होतो तो माल पोचायला. ताशी ६० किमी. वेगाने जाणारा ट्रक अर्ध्या सेकंदात ८ मीटरहून जास्त पुढे जातो. शिवाय पुढचे ब्रेक आधी आणि मागचे नंतर लागले, तर मागचा भार पुढच्या भागाला ढकलतो आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखा मुडपू शकतो.

मग खबर आणि माल वेगळे केले तर? रिले व्हॉल्व्ह नेमके हेच करतो. तो मागच्या चाकांजवळ असतो आणि त्याला जवळच्याच टाकीतून रुंद नळीने हवा मिळते. पेडलकडून आलेल्या हवेला आता फक्त या व्हॉल्व्हमधल्या पिस्टनच्या वरची छोटीशी जागा भरायची असते. पिस्टन खाली सरकतो, आधी बाहेर जाणारी वाट बंद करतो, मग टाकीची झडप उघडतो. टाकीतली हवा थेट चेंबरमध्ये घुसते.

पण ब्रेक हवा तेवढाच लागायला हवा. चेंबरकडे जाणारी हवा पिस्टनला खालून वर ढकलत असते. खालचा दाब वरच्याएवढा झाला, की पिस्टन किंचित वर येतो आणि टाकीची झडप मिटते; बाहेरची वाटही बंदच राहते. पेडलने २ बारचा निरोप धाडला तर चेंबरमध्ये जवळजवळ २ बारच दाब येतो. दाब मोजायला वेगळे यंत्र नको. पिस्टन हाच तराजू.

पाय उचलला की वरचा दाब जातो, पिस्टन आणखी वर उचलला जातो आणि चेंबरमधली हवा तिथेच बाहेर पडते. तोच आपला ‘फुस्स्’. ही हवा केबिनपर्यंत परत जाऊन सुटली असती, तर मागचे ब्रेक रेंगाळले असते आणि घाटात ड्रम विनाकारण तापले असते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. दोन सारखे फुगे घ्या. एकाला सलाइनची लांब, बारीक नळी लावा आणि दुसऱ्याला हातभर लांबीची रुंद नळी. दोन विद्यार्थ्यांना एकदमच फुंकायला सांगा. कोणता फुगा आधी फुगतो?

आणि एक प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपवू: खबर नेणारी बारीक नळीच फुटली तर काय होईल? रिले व्हॉल्व्हला निरोपच मिळणार नाही, टाकी भरलेली असूनही! म्हणूनच पेडलपासून ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवलेले असतात. अशा वाहनांत हवेच्या दाबाने मागे रोखून धरलेल्या जोरदार स्प्रिंगाही असतात. टाकीतली हवा संपली की त्या आपोआप ब्रेक लावतात. इथे हवा ब्रेक लावत नाही, सोडवून ठेवते. असे उलटे का केले असावे, याचा विचार वर्गाने जरूर करावा.